मिनिमम गॅरंटी : नाझ बिल्डिंगपासून एपिकपर्यंत

खोताच्या वाडीतून जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर यायचं, प्रार्थना समाज ओलांडायचं आणि ऑपेरा हाउसकडून ग्रँट रोडच्या दिशेने वळायचं, की डॉ. भडकमकर मार्ग लागतो. हे नाव पाटीवरचं. गिरगावकरांच्या तोंडी तो अजूनही लॅमिंग्टन रोडच. मुंबईत घरी कॉम्प्युटर जुळवून घ्यायची टूम निघाली तेव्हापासून मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि गेमच्या सीडी घ्यायला वाडीतली, फणसवाडीतली, ठाकूरद्वारची पोरं याच रस्त्यावर येत. खोक्यातली अस्सल सीडी महाग, नुसत्या प्लास्टिकच्या पाकिटातली नकली स्वस्त. घासाघीस दोन्हींवर चाले. पण अमुक गेम फक्त अमुक दुकानातच मिळेल, असं तिथे कुणी ऐकवत नसे. एका दुकानाचा भाव पटला नाही तर शेजारच्या दुकानात तोच माल असायचा.

आता खोकंही गेलं आणि सीडीही. पीसीवरचा गेम इंटरनेटवरच्या दुकानातून थेट उतरवून घेतला जातो. ही दुकानं मोजकी आहेत : स्टीम, एपिक गेम्स स्टोअर, गॉग, मायक्रोसॉफ्टचं दुकान आणि काही मोठ्या कंपन्यांची घरची दुकानं. शेजारी-शेजारी असूनही यांतला माल सारखा नसतो. काही गेम ठरावीक काळ एकाच दुकानात मिळतात, कारण दुकानदाराने त्यासाठी निर्मात्याला पैसे मोजलेले असतात. या ‘एक्स्क्लुझिव्ह’ करारांवरून गेम खेळणाऱ्यांच्या जगात २०१९ पासून मोठं रणकंदन झालं. गंमत म्हणजे या कराराची घडण लॅमिंग्टन रोडला चांगली ओळखीची आहे, फक्त ती कॉम्प्युटरच्या दुकानांत सापडत नाही. ती सापडते त्याच रस्त्यावरच्या नाझ बिल्डिंगमध्ये.

स्टीमची पेठ

स्टीम ही अमेरिकेतल्या वॉल्व्ह कंपनीची निर्मिती. सप्टेंबर २००३ मध्ये ती सुरू झाली ती दुकान म्हणून नव्हे, वॉल्व्हच्या स्वतःच्या गेमना दुरुस्त्या पोचवणारी यंत्रणा म्हणून. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला आणि वॉल्व्हने अट घातली : सीडी विकत घेतली असली तरी स्टीमवर खातं उघडल्याशिवाय गेम चालणार नाही. त्या वेळी खेळणाऱ्यांनी वॉल्व्हला शिव्यांची लाखोली वाहिली. म्हणजे आज ज्या दुकानाची बाजू घेऊन लोक भांडतात, त्याचा पायाही एका सक्तीवरच घातला गेला होता.

पुढे २००५ पासून स्टीमने दुसऱ्यांचे गेम विकायला घेतले आणि पेठ वाढत गेली. मोठमोठे सेल, गिऱ्हाइकांचे अभिप्राय, मित्रांची यादी, गेम पसंत नसेल तर पैसे परत, अशा सोयी साठत गेल्या. भारतीय गिऱ्हाइकाला २०१५ पर्यंत डॉलरमध्ये पैसे भरावे लागत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात किमती रुपयांत दिसू लागल्या, आणि अनेक गेमना अमेरिकेपेक्षा बराच कमी भाव लागला. नकली सीडीला खरा शह या रुपयातल्या भावाने दिला.

विक्रीवर स्टीमचं कमिशन ३० टक्के. नोव्हेंबर २०१८ मध्ये वॉल्व्हने मोठ्या गेमसाठी ते थोडं सैल केलं : एका गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या वर गेली की त्यापुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या वर गेली की २० टक्के. सवलत मोठ्यांना मिळाली, छोट्यांचे ३० टक्के तसेच राहिले.

एपिकची चढाई

त्या घोषणेला आठवडा होत नाही तोच, ६ डिसेंबर २०१८ रोजी, एपिक गेम्स स्टोअर उघडलं. एपिक ही ‘फोर्टनाइट’ची कंपनी. तिच्या हाती त्या गेमचा अफाट पैसा होता, आणि गेम बनवण्याचं ‘अनरिअल इंजिन’ हे जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअरही तिचंच. कमिशन तिने १२ टक्के ठेवलं. शिवाय अनरिअल इंजिनवर बनवलेला गेम एपिकच्या दुकानात विकला, तर इंजिनचं ५ टक्के मानधनही माफ.

हा फरक आकड्यांत मांडू. गेमची किंमत १,१८० रुपये धरा. त्यातले १८ टक्के दराने १८० रुपये जीएसटीचे, उरले १,०००. स्टीमने ३०० रुपये कापले, राहिले ७००. गेम अनरिअल इंजिनवर बनवलेला असेल आणि त्याची एकूण कमाई १० लाख डॉलरची मर्यादा ओलांडून गेली असेल, तर आणखी ५० रुपये एपिकला द्यायचे. निर्मात्याच्या हाती आले ६५०. तोच गेम एपिकच्या दुकानात विकला तर १२० रुपये वजा जाऊन ८८० उरतात. एका प्रतीमागे २३० रुपयांचा फरक म्हणजे पन्नास माणसांच्या स्टुडिओला पुढचा गेम काढता येणं आणि न येणं यातलाच फरक.

पण निर्मात्याला जास्त पैसे मिळतात म्हणून गिऱ्हाईक दुकान बदलत नाही. त्याला तोच गेम त्याच भावात स्टीमवर मिळतो, आणि त्याचे बाकीचे गेमही तिथेच आहेत. नुसतं कमिशन कमी करून पेठ हलणार नाही हे एपिकला ठाऊक होतं. तेव्हा तिने दोन गळ टाकले. एक म्हणजे ठरावीक दिवसांनी एखादा गेम फुकट. दुसरा म्हणजे एक्स्क्लुझिव्ह.

नाझ बिल्डिंगचा हिशेब

हिंदी सिनेमाच्या वितरकांच्या कचेऱ्यांची वस्ती अनेक दशकं लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ बिल्डिंगमध्ये होती. सिनेमाच्या धंद्याने देशाचे तुकडे पाडले होते : बॉम्बे, दिल्ली-यूपी, सीपी-बेरार, निझाम, ईस्टर्न वगैरे. एका सिनेमाचे एका टेरिटरीचे हक्क एकाच वितरकाकडे जात. त्यात रुळलेला करार होता ‘मिनिमम गॅरंटी’चा, म्हणजे तिथल्या भाषेत ‘एमजी’चा. वितरक निर्मात्याला आधीच ठरलेली रक्कम देई. सिनेमा पडला तर नुकसान वितरकाचं. चालला तर आधी वितरक आपली रक्कम नि खर्च वसूल करी आणि वरचा पैसा, म्हणजे ‘ओव्हरफ्लो’, दोघांत वाटला जाई. निर्मात्याला कॅमेरा सुरू ठेवायला पैसा मिळे, आणि वितरकाला आपल्या टेरिटरीत दुसरा वाटेकरी नसल्याची खात्री.

एपिकचे करार बरेचसे याच साच्याचे, आणि त्यांतला शब्दही हाच : मिनिमम गॅरंटी. एपिक आणि ॲपल यांच्यातल्या २०२१ च्या खटल्यामुळे यातले आकडे बाहेर आले. ‘बॉर्डरलँड्स ३’ सहा महिने पीसीवर फक्त आपल्या दुकानात राहावा म्हणून एपिकने सुमारे १४.६ कोटी डॉलरचा करार केला होता, आणि त्यातले ८ कोटी किमान हमीचे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये गेम आला आणि ही हमीची रक्कम पहिल्या दोन आठवड्यांतच वसूल झाली. ‘कंट्रोल’ या गेमसाठी त्याच्या इटालियन प्रकाशकाला सुमारे ९५ लाख युरो मिळाले, वर्षभराच्या हक्कांपोटी.

सगळेच करार असे वसूल झाले नाहीत. ॲपलने न्यायालयात मांडलेल्या हिशेबानुसार एपिकच्या दुकानाचा २०१९ मधला तोटाच सुमारे १८ कोटी डॉलर होता. एपिकने तो नाकारला नाही. बाजारात जागा मिळवायची तर सुरुवातीला तोटा खायची तयारी हवी, असं तिचं म्हणणं होतं. एप्रिल २०१९ मध्ये एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी उघडच सांगून टाकलं की स्टीमने सगळ्या निर्मात्यांना कायमचे ८८ टक्के द्यायचं कबूल केलं, तर आपण एक्स्क्लुझिव्हचा उद्योग आवरता घेऊ. स्टीमने काही ते कबूल केलं नाही.

गिऱ्हाइकाचा राग

खेळणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. ‘मेट्रो एक्झोडस’ची आगाऊ विक्री स्टीमवर कित्येक महिने सुरू होती. गेम यायला तीन आठवडे असताना, २०१९ च्या जानेवारी अखेरीस, प्रकाशकाने जाहीर केलं की पुढचं वर्षभर तो फक्त एपिकवर मिळेल. ज्यांनी आधी घेतला त्यांना तो स्टीमवर मिळाला, पण बाकीच्यांना दुकान बदलावं लागलं. ‘फिनिक्स पॉइंट’चं प्रकरण याहून चिघळलं. तो गेम लोकवर्गणीतून उभा राहिला होता. वर्गणी देणाऱ्यांना स्टीमवर प्रत मिळेल असं सांगितलं होतं, आणि मार्च २०१९ मध्ये तो एपिककडे गेला. पैसे परत घ्यायचा पर्याय दिला गेला, तरी शब्द मोडल्याची भावना गेली नाही.

शिवाय एपिकचं दुकान तेव्हा अर्धवट बांधकामाचं होतं. गिऱ्हाइकांचे अभिप्राय नाहीत, आवडीची यादी नाही, एवढंच काय, चार वस्तू एकत्र घेऊन पैसे भरायची टोपलीसुद्धा नाही! ती टोपली यायला डिसेंबर २०२१ उजाडलं. ज्याला सोयी सोडून गैरसोयीच्या दुकानात ढकललं जातं, त्याला ‘यात स्पर्धा वाढते’ हे सांगून पटणार कसं?

राग मात्र वाहवत गेला. ‘ऊब्लेट्स’ नावाचा छोटा, गोजिरा गेम बनवणाऱ्या दोघाजणांच्या कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये एपिकशी करार जाहीर केला, आणि त्या दोघांवर धमक्यांचा नि घाणेरड्या संदेशांचा वर्षाव झाला. मोठ्या दुकानाच्या भांडणात छोट्या कारागिराने मार खाल्ला.

पुण्याची राजी

कारागिराच्या बाजूने पाहायचं तर आपल्या महाराष्ट्रातच एक उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे त्याचे संस्थापक. भावाला सोडवायला निघालेली राजी ही मुलगी नायिका. देखाव्यांवर पहाडी चित्रशैलीची छाप. गोष्टीचे दुवे जोडायला छाया-बाहुल्या. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, पण रक्कम जमली नाही. पुढे अनरिअल इंजिन वापरणाऱ्या होतकरू निर्मात्यांना एपिक जे अनुदान देते, ते राजीला मिळालं. नंतर सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला.

१८ ऑगस्ट २०२० रोजी राजी आली, पण आधी फक्त निन्टेंडोच्या ‘स्विच’ या यंत्रावर. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर ती आली १५ ऑक्टोबरला. या दोन महिन्यांत एक विचित्र गोष्ट घडली. निन्टेंडो आपलं हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकतच नव्हती. म्हणजे पुण्यात बनलेला, भारतीय पुराणकथांवरचा गेम भारतातल्या खेळणाऱ्याला खेळायचा तर बाहेरून आणलेलं यंत्र गाठण्यावाचून मार्ग नव्हता. ते यंत्र ज्यांच्याकडे नव्हतं, त्यांनी यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना पाहिलं.

तरीही स्टुडिओला चूक म्हणता येत नाही. निन्टेंडोच्या सादरीकरणात झळकणं म्हणजे नवख्या स्टुडिओला एका दिवसात जगभर ओळख मिळणं. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी राजीला नामांकन मिळालं. घरच्या प्रेक्षकाने दोन महिने थांबायचं, आणि त्या बदल्यात निर्मात्याने पुढे टिकायचं, असा हा सौदा होता. मुदत दोन महिन्यांची होती म्हणून तो पचला. दोन वर्षांची असती तर पचला नसता.

मुदतीचा असाच शहाणा वापर सुपरजायंट या अमेरिकी स्टुडिओने केला. ‘हेडिस’ हा गेम पूर्ण होण्याआधीच डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी तो एपिकवर आणला, वर्षभर तिथल्या गिऱ्हाइकांच्या सूचना ऐकून तो घडवला, आणि मग डिसेंबर २०१९ मध्ये स्टीमवर नेला. २०२० मध्ये तो पूर्ण होऊन आला तेव्हा दोन्ही दुकानांतून धडाक्याने खपला.

कायदा काय पाहतो?

अशा करारावर आपल्याकडे बंदी आहे का? नाही, सरसकट नाही. भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात कलम ३(४) खाली एकाधिकाराने माल देण्या-घेण्याचे करार येतात, पण ते बेकायदा ठरतात ते त्यांच्यामुळे स्पर्धेला ठळक बाधा पोचत असेल तरच. ती जोखायला कलम १९(३) मध्ये सहा कसोट्या दिल्या आहेत. तीन तोट्याच्या : नव्या धंद्याला अडसर झाला का, असलेला स्पर्धक बाहेर ढकलला गेला का, बाजाराची वाट बंद झाली का. तीन फायद्याच्या : ग्राहकाला लाभ झाला का, उत्पादन वा वितरण सुधारलं का, तंत्र पुढे गेलं का. बेरीज-वजाबाकी करून निर्णय घ्यायचा.

गेमच्या दुकानांवर अशी बेरीज-वजाबाकी आपल्या स्पर्धा आयोगापुढे गाजली नाही. पण मुंबईच्या सिनेमाधंद्यातलं एक प्रकरण अगदी जवळचं आहे. २०१२ च्या दिवाळीत ‘सन ऑफ सरदार’ आणि ‘जब तक है जान’ एकाच दिवशी यायचे होते. अजय देवगण यांच्या कंपनीने यशराज फिल्म्सविरुद्ध आयोगाकडे तक्रार केली : १५ ऑगस्टला येणारा ‘एक था टायगर’ हवा असेल तर दिवाळीलाही आमचाच सिनेमा लावा, असं यशराजने एकपडदा थिएटरवाल्यांना बांधून घेतलं, आणि आता आमच्या सिनेमाला थिएटरं उरली नाहीत. आयोगाला यात प्रथमदर्शनी कायद्याचा भंग दिसला नाही. यशराज या बाजारात वर्चस्व असलेली कंपनी ठरत नव्हती, आणि थिएटरवाल्यांनी आपल्या धंद्याचा विचार करून सही केली होती. १३ नोव्हेंबर २०१२ रोजी दोन्ही सिनेमे लागले.

यातून निघणारं सूत्र गेमच्या दुकानांनाही लागू पडतं. करार कुणी केला याला महत्त्व आहे. बाजारात नव्याने शिरणारा दुबळा दुकानदार एक्स्क्लुझिव्ह विकत घेतो तेव्हा तो दार ठोठावत असतो. तोच करार बाजारावर पकड असलेल्या दुकानदाराने केला तर तो दाराला आतून कडी घालतो. आणि पीसीवर तर मुळात दार उघडंच असतं. विंडोज असलेल्या कॉम्प्युटरवर कुणीही आपलं दुकान मांडू शकतो, म्हणून तर एपिकला स्टीमशेजारी बसता आलं. फोनवर ते इतकं सोपं नाही. प्ले स्टोअरच्या पैसे भरण्याच्या सक्तीबद्दल आपल्या आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने तो मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. पण वर्चस्वाचा गैरवापर झाल्याचं त्यानेही मान्य केलं.

खरी पकड कशात आहे?

एवढा पैसा ओतून एपिकने काय मिळवलं? फुकटचे गेम घ्यायला लोक आले, एक्स्क्लुझिव्ह खेळायलाही आले, आणि खेळून पुन्हा स्टीमवर गेले. स्टीम सोडून गेलेले मोठे प्रकाशकही परतले : ईए २०१९ मध्ये, युबिसॉफ्ट २०२२ मध्ये. बेथेस्डाने २०२२ मध्ये आपलं वेगळं दुकान बंदच केलं. एपिकचं धोरणही पालटलं. २०२३ पासून तिने मोठ्या रकमांऐवजी ‘सहा महिने फक्त आमच्याकडे या, त्या काळातली सगळी कमाई तुमची’ अशी खुली योजना आणली. २०२५ पासून तर दर वर्षी प्रत्येक गेमच्या पहिल्या १० लाख डॉलरवर कमिशनच घ्यायचं नाही, असं ठरवलं.

निर्मात्यांचा मात्र फायदा झाला. मायक्रोसॉफ्टनेही ऑगस्ट २०२१ पासून पीसी गेमवरचं कमिशन १२ टक्क्यांवर आणलं. स्टीम हललं नाही, कारण त्याला गरजच पडली नाही. त्याने एक्स्क्लुझिव्हसाठी कुणाला पैसे दिले नाहीत, हे त्याचे चाहते अभिमानाने सांगतात. पण ज्याच्याकडे गिऱ्हाईक आधीच आहे, त्याला ते विकत घ्यावं लागत नाही. शिवाय स्टीमवर एक वेगळा आक्षेप आहे. वुल्फायर या अमेरिकी स्टुडिओने २०२१ मध्ये वॉल्व्हवर दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्या दुकानात कमिशन कमी आहे म्हणून गेम तिथे स्वस्त विकू पाहाल, तर वॉल्व्ह तुम्हाला अडवते. वॉल्व्ह हे नाकारते. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या दाव्याला सामूहिक दाव्याचा दर्जा दिला. हा आरोप खरा ठरला तर तो एखाद्या गेमच्या एक्स्क्लुझिव्हपेक्षा गंभीर आहे. कारण भावच बांधला गेला तर कमी कमिशनचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत कधी पोचणारच नाही.

आणि भावापलीकडची पकड गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या खात्यात असते. दहा वर्षांत जमवलेले दोनशे गेम एका दुकानाच्या खात्यावर आहेत. ते उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, विकता येत नाहीत, कुणाच्या नावावर करता येत नाहीत. विकत घेतो ती मालकी नसते, वापरायची परवानगी असते. कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यामुळे २०२४ पासून स्टीम हे पैसे भरतानाच सांगू लागलं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट गटातून उभं राहिलेलं गॉग हे दुकान गेमची पूर्ण फाइल आपल्याकडे साठवून ठेवू देतं, पण तो अपवाद.

म्हणून पुढच्या वेळी एखादा गेम ‘फक्त आमच्याकडे’ अशी पाटी दिसली, तर रागवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. मुदत किती आहे? पैसा निर्मात्यापर्यंत पोचतो आहे का? आणि आगाऊ पैसे घेतल्यावर शब्द फिरवलेला नाही ना? उत्तरं ठीक असतील तर सहा महिने थांबणं फारसं अवघड नाही. नाझ बिल्डिंगच्या एमजीने असे कित्येक सिनेमे उभे केले. मुदत संपली की एक्स्क्लुझिव्ह सुटतो. खात्यात अडकलेल्या गेमना मात्र मुदत नाही, आणि दुकानांमधली स्पर्धा खरी की लुटुपुटीची, हे ते खातं एका दुकानातून दुसऱ्यात नेता येतं का यावरूनच ठरणार आहे.